टोपाखालचे केस

नागभीडकडच्या एका गावात, तिसऱ्या अंकात, सत्यशीलेचा टोप तिच्याच हातात आला.

तो प्रवेश असा होता. नायिकेच्या आईला नवरा गेल्याची खबर येते. आई दारात उभी असते. एक शब्द न बोलता ती हात वर नेते, अंबाडा सोडते आणि लांब करडे केस पाठीवर पडतात. मग ती खाली बसते आणि बोलायला लागते. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत हा प्रवेश चालतोच. अंबाडा सुटला की मंडपातल्या बायांचे पदर डोळ्यांकडे जातात. त्या दिवशी सत्यशीलेनं अंबाड्याला हात घातला, हिसका दिला आणि अंबाडा, केस, खालची जाळी सगळंच निघून आलं. खाली तिचे स्वतःचे केस दिसले. तेलानं चिपकलेले, पिना टोचून दाबलेले, कुठं चपटे तर कुठं उभे राहिलेले. मग मागून एक शिट्टी आली आणि मंडप हसला. बायासुद्धा हसल्या. त्यांनी पदर लावला, पण तोंडाला.

तिनं टोप उंबऱ्यावर ठेवला आणि तशीच खाली बसून पुढची वाक्यं बोलली. ती कोणालाच ऐकू गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो प्रसंग मोबाईलवरून वडशापर्यंत पोचला होता. कोणीतरी त्याला मागून ढोलकीसुद्धा जोडली होती.

धान कापून खळ्यावर आलं, दिवाळी आटोपली, की वडशाहून नाटक कंपन्या निघतात. कुठं मंडईची जत्रा, कुठं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, बोलावणं येईल तिथं मंडप पडतो, आणि होळीपर्यंत हे असंच चालतं. सत्यशीलेनं असे तीसच्या वर हिवाळे काढले होते. आधी नायिकेची बहीण, मग नायिका, मग वहिनी, आणि आता कितीतरी वर्षं आई. गाडीत बसल्या बसल्या झोपायचं, कोणाच्याही न्हाणीत अंघोळ करायची, कोणाच्याही घरची भाजी चवीनं खायची, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. थकवा मात्र या वर्षी अंगात वस्तीला आल्यासारखा वाटत होता. झोपूनही तो जात नव्हता.

टोप पडल्यानंतरचा प्रयोग आरमोरीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका गावी होता. सकाळी गाडी पोचली. सामान उतरत असताना कंपनीचा मालक मुखरूभाऊ तिला बाजूला घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. हिवाळाभर त्याच्या गळ्यात मफलर आणि कानाला फोन असायचा.

"बाई, मी रागावून नाई बोलून राह्यलो," तो म्हणाला. "पण पुढच्या गावच्या मंडळाचा फोन आला. विचारते का, टोपवाली बाई येऊन राह्यली ना? मी काय सांगू त्याहिले?"

"हो म्हणा. तेच पाह्याले येतीन."

"मजाक नका करू."

"मी कुठी करून राह्यली, भाऊ? तेच करून राह्यले."

मुखरूभाऊनं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. त्याला काहीतरी अवघड बोलायचं असलं की तो असं करायचा.

"केस बारीक करून टाका," तो म्हणाला. "एकदम बारीक. मंग टोप गोंदानं पक्का बसते. तुमचे केस खालून टोपाले ढकलते न बाई. किती पिना मारा, ते उठतेच. त्यात तुम्ही तेल थोपता."

"टोरीचं तेल हाये."

"कायचंबी असो, घसरतेच ना. इथच्या नाव्ह्याले सांगून ठेवलं हाये. तीन वाजता येते तो." तो गाडीकडे पाहत म्हणाला, "नाईतं आईचं काम केसरबाईले द्याव लागन. तिले पाठ हाये."

केसरबाई नाटकात शेजारीण व्हायची आणि तिला खरंच सगळ्यांची कामं पाठ असायची. तिला काम मिळालं की सत्यशीलेनं वडशाला परत जायचं, भावाच्या घरी, त्याच्या सुनेनं रिकाम्या करून दिलेल्या खोलीत. पुढच्या हिवाळ्यात मग कोणी बोलावणार नव्हतं. एकदा गाडीतून उतरलेल्या आईला पुन्हा गाडीत बसवत नाहीत, हे तिनं दुसऱ्या बायांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढी सकाळी सकाळी तिच्याजवळ नव्हती.

तिची उतरायची सोय नीलाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईकडे होती. घर गावाच्या टोकाला होतं, मागं वाडी आणि वाडीच्या मागं थेट जंगल. ओसरीवर चटई टाकून दिली होती. सत्यशीला आडवी झाली, पण झोप आली नाही. तिनं हात डोक्याकडे नेला आणि पिनांनी दुखऱ्या झालेल्या जागा चाचपल्या.

हे केस तिच्या आईकडचे होते. सरळ पडणारे नव्हते, वेटोळे घेणारे. एक केस ओढून सोडला तर परत जागेवर जाऊन बसायचा. कुरखेड्याच्या पलीकडं, जंगलातल्या ज्या गावी ती जन्मली, तिथं असे केस असलेल्या बाया दोन-चार तरी होत्या. त्यांच्या केसांबद्दल कोणी बोलत नव्हतं. शुक्रवारी जन्मली म्हणून तिचं नाव सुकरी ठेवलं होतं. गाणं बरं म्हणायची म्हणून एका कंपनीवाल्यानं तिला वडशाला आणलं. सुकरी हे नाव पोस्टरवर चालणार नाही म्हणाला आणि सत्यशीला केलं. केसही चालणार नाहीत म्हणाला. कंपनीतल्या एका बाईनं तिचं डोकं चटईवर ठेवायला लावून कपड्याच्या इस्त्रीनं तिचे केस सरळ केले. जळालेल्या केसांचा वास तिला दोन दिवस जेवताना येत राहिला. रोज इस्त्री करणं जमेना, तेव्हा टोप आला. तेव्हापासून हिवाळाभर टोप वर आणि केस खाली, पिनांत आवळलेले.

ते तुटायला लागले. फणी लावली की चुरा पडायचा, वाळलेल्या पानासारखा. आईकडे गेली की आई डोक्यावरून हात फिरवायची आणि जाताना मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोरीच्या तेलाची बाटली द्यायची. आई गेल्यावर सत्यशीला ते तेल बाजारातून घेऊ लागली. हिवाळ्यात ते तुपासारखं थिजायचं. प्रयोगाच्या आधी ती बोटानं गोळा काढायची, कोरड्या केसांवर भरपूर चोळायची, वरून पिना मारायची. लहानपणी आई अशीच चोळायची, हे तिला पक्कं आठवत होतं. आईच्या हातानं केस मऊ व्हायचे, वेटोळं न् वेटोळं वेगळं दिसायचं. तिच्या हातानं ते वरून चिकट आणि आतून वाळलेले राहायचे. तिनं पुष्कळ कारणं शोधली. बाजारात तेलात भेसळ असेल. वय झालं असेल. त्या इस्त्रीनं केस कायमचे मेले असतील. शेवटी कारण शोधणं सोडून दिलं, तेल लावणं मात्र सोडलं नाही.

दुपारी ती उठून वाडीत आली. नीलाबाई शेतातून लाखोळीची भाजी खुडून आली होती आणि अंघोळ करून उन्हात बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. सत्यशीला दारातच थांबली. म्हातारीचे केस पांढरे, आखूड, आणि वेटोळे होते. त्यांतून पाणी मानेवर, मानेवरून लुगड्यावर टपटपत होतं. म्हातारीनं कटोरीतून थिजलेल्या टोरीचा बोराएवढा गोळा काढला आणि तळव्यांत घासू लागली.

"केस पुसा ना, नीलाबाई," सत्यशीला म्हणाली. "थंडी हाये. सर्दी होईन."

"पुसले तं मंग लावू कायले?"

"तेल लावून राह्यल्या ना?"

"हो. पण तेल पाण्यावर लावाचं राह्यते न बाई." म्हातारीनं तळवे उघडून दाखवले. गोळा वितळून नुसती चकाकी उरली होती. तिनं ती टोकांपासून वर नेली, मूठ मिटत, उघडत. "पाणी केसाले पायजे. तेल पाण्याले पायजे, पळून जाऊ नाई म्हून. तेल म्हंजे झाकण. चुलीवरच्या रिकाम्या गंजावर झाकण ठेवलं तं आत काय राह्यन?"

सत्यशीला हळूच खाली, दगडावर बसली.

तिच्या गावाखालून नाला वाहायचा. दुपारी आई सगळ्या पोरांना तिथं न्यायची. पोरं पाण्यात डुंबायची, ओठ निळे होईपर्यंत निघायची नाहीत. आई काठावरून ओरडायची. मग एकेकीला धरून, तशीच निथळती, दगडावर बसवायची आणि टोरी चोळायची. सत्यशीलेला टोरी आठवत होती, तिचा कडवट वास, आईची जाड बोटं. पाणी कधी आठवलंच नव्हतं. ते औषध होतं हे कोणाच्या ध्यानात असणार? तो तर नाला होता, पोरं त्यात खेळायची. आईनं तिला बाटली देताना फक्त तेल दिलं, कारण नाला काही बाटलीत घालून देता येत नाही, आणि पोरगी कोरड्या डोक्याला तेल लावेल असं आईच्या मनात आलंच नसणार.

"येर," ती म्हणाली. गोंडीतला पाण्याचा शब्द. कित्येक वर्षांत तिनं तो उच्चारला नव्हता.

नीलाबाईनं मान वर केली. "कुठच्या तुम्ही?"

"कुरखेड्याच्या पल्याडच्या."

"मंग सत्यशीला कुठून झाल्या? आपल्यात असं नाव कुठी राह्यते?"

"सुकरी होतं."

"तेच म्हटलं," नीलाबाई म्हणाली, हरवलेली वस्तू सापडावी तशा समाधानानं. "सोडा पाहू अंबाडा."

तिनं पिना काढल्या. नीलाबाईनं तांब्याभर कोमट पाणी डोक्यावर घातलं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून घरंगळावं तसं ते घरंगळून गेलं, एक थेंब आत शिरला नाही.

"बापा बापा," म्हातारी म्हणाली. "हे किती वर्षाचं थापून ठेवलं?"

"मोजले नाई."

"पयले हे काढाव लागन."

तिनं रिठे उकळले. धुतलं. पुन्हा उकळले, पुन्हा धुतलं. न्हाणीतून पिवळट, चिकट पाणी वाहून गेलं. नंतर पुन्हा कोमट पाणी घातलं, तेव्हा केसांनी ते घेतलं. सत्यशीलेला ते डोक्यावर जड झालेलं समजलं. नीलाबाईनं फणी घेतली नाही. बोटांनीच, खालून वर, एकेक गुंता सोडवत गेली. कोरडे असताना ज्या गुंत्यातून केस तुटून यायचे, ते ओले असताना गुमान सुटत होते.

चुलीवर एका लहान गंजात जवस उकळत होतं. गाळल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट, पातळ काहीतरी खाली आलं.

"हे बी तुमच्या आईकडचं काय?"

"नाई वं. हे सुनेनं मोबाईलवर पाह्यलं. कोणी परदेशातली बाई लावून राह्यली होती." म्हातारी हसली. "आपल्या बांध्यात धानामागं जवस पेरतेच ना. म्हटलं लावून पाहू. चांगलं राह्यते, वेटोळं धरून ठेवते. वाळल्यावर कडक वाटते, पण मंग मोडते."

आधी पाणी, मग जवसाचा तो चीक, मग सगळ्यात वर टोरी, तीसुद्धा तळव्यावर वितळवून, अगदी थोडी. नीलाबाईनं केसांच्या बारीक बारीक बटा घेतल्या आणि दोन पदरांची दोरी वळतात तशी एकेक वळली. डोकंभर त्या लोंबू लागल्या. मग सत्यशीलेला उन्हात पाठ करून बसवलं.

"आता हात नाई लावाचा. ओले असतानी हात लावला तं सगळं फुगन नुसतं. कापूस होईन. पुरे वाळू द्या."

"किती वेळ?"

"ऊन जाईपर्यंत. घाई काय हाये?"

सत्यशीलेनं न्हाव्याचं सांगितलं. टोप पडल्याचं सांगितलं, मुखरूभाऊ काय म्हणाला तेही. नीलाबाई कटोरी पुसत ऐकत राहिली.

"हे कापून वरून दुसऱ्याचे लावाचे?"

"हो."

"ते कोणाचे राह्यते?"

"काय माहीत. कोण्या देवाले वाह्यलेले असतीन."

म्हातारी उठली. कटोरी घेऊन आत गेली.

एकटी बसल्यावर सत्यशीलेच्या मनात काही ठरत नव्हतं. काम पाहिजे होतं. काम नसलं तर ती काय होती, हे तिला सांगता आलं नसतं. पण डोक्यावर ऊन पडत होतं, ओल्या बटा मानेला गार लागत होत्या आणि कितीतरी वर्षांनी डोकं दुखत नव्हतं. नाव बदललं होतं, बोली बदलली होती, चालणं बदललं होतं. हे तेवढं खाली दबून का होईना, राहिलं होतं. ते आज तीन वाजता, एखाद्या परक्या गावच्या वाडीत, आपल्याच होकारानं पायाशी पडायचं. तिला राग आला नाही. एवढंच वाटलं की आता आणखी काही काढून देण्याइतके आपण उरलो नाही.

तीन वाजता न्हावी आला. त्याच्या मागं मुखरूभाऊ आला, फोनवर बोलत. सत्यशीलेला पाहिल्यावर त्यानं फोन खाली केला.

"हे काय? शेवया टाकल्या काय वाळाले?"

"भाऊ, आज टोप नाई लावत मी."

"मंग?"

"हेच."

मुखरूभाऊनं तिच्याभोवती अर्धी चक्कर मारली. "बाई, लोक तिथी आईचे केस पाह्याले येते. पाठीवर पडले पायजे ते. हे पडत नाई, हे उठते."

"उठू द्या."

"नवरा मेला तिचा. तिचे केस उठून कसे राह्यतीन?"

"नवरा मेलेली बाई काय तेल-फणी करून राह्यते काय?" ओसरीवरून नीलाबाई म्हणाली. "मी तं महिनाभर केसाले हात नाई लावला. पोरं भेत होते मले."

न्हावी हसला. मुखरूभाऊ हसला नाही, पण मफलर सोडून गुंडाळला.

"हासले तं?" त्यानं सत्यशीलेला विचारलं.

"परवा हासलेच ना. त्याच्यापेक्षा आणखी काय हासतीन?"

"तुमचं ठीक हाये. मंडळाचे लोक मले पकडतीन."

"मी तुमच्या कंपनीत किती वर्षं आई हावो, भाऊ? आजच्या दिवस माह्या डोक्यानं होऊ द्या. हासले तं उद्या तुमच्या डोक्यानं."

ती हे आवाज न चढवता बोलली. आवाज चढवायचीही तिच्यात इच्छा नव्हती. मुखरूभाऊनं फोन खिशात टाकला. रागावलेल्या बायांशी कसं बोलायचं हे त्याला माहीत होतं, अशा बाईशी नाही.

"आजच्या दिवस," तो म्हणाला. "हासले तं सकाळी नाव्ही. मंग मले काही सांगाचं नाई."

"बरं."

न्हावी पेटी उघडून उभाच होता. मुखरूभाऊनं त्याच्याकडे पाहिलं आणि खाटेवर बसला. "आला हायेस तं माही दाढी करून दे."

दिवस मावळताना बटा वाळल्या. मंडपामागच्या खोलीत रंजीता, कंपनीची नायिका, आपल्या सरळ केसांत गंगावन गुंफत बसली होती. सत्यशीलेनं तिलाच मागच्या बटा सोडायला बसवलं, कारण तिला स्वतःला त्या दिसत नव्हत्या.

"बोटाले थोडं तेल लाव. आणि ओढू नको, उलगड."

"मावशी, काय वास हाये वं हा," रंजीता नाक आक्रसून म्हणाली. पण काम नीट करत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "किती हायेत हे. टोपाखाली कुठी ठेवत होत्या तुम्ही?"

एकेक बट सुटत गेली आणि प्रत्येकीतून दोन-तीन वेटोळी निघाली, तुटकी नव्हेत, भुरभुरीत नव्हेत, एकसारखी. सत्यशीलेनं त्यांचा सैल अंबाडा बांधला, एकच काटा लावून. करडा रंग लावायची गरज नव्हती. तो आपोआप आला होता.

त्या प्रयोगाचं सांगण्यासारखं फार नाही. दोन अंक नेहमीसारखे झाले. तिसऱ्यात खबर आली. दारात उभी राहून तिनं हात वर नेला. तिनं काटा काढला. केस पडले नाहीत. ते हळूहळू उघडले, वर आणि दोन्ही बाजूंना, आणि तिच्या चेहऱ्याभोवती तसेच राहिले. ती मंडप हसायची वाट पाहत थांबली. नेहमीपेक्षा जास्तच थांबली. कुठंतरी एक मूल रडलं, कोणीतरी खोकलं. शिट्टी आली नाही. मग ती खाली बसली आणि बोलायला लागली, आणि तिचं बोलणं तिला स्वतःला ऐकू आलं.

सकाळी गाडी भरत होती. गावातल्या बाया नटनट्यांना पाहायला येतात तशा आल्या होत्या. कोणाच्या हातात चहाची किटली, कोणाच्या हातात पोह्यांचं ताट. सत्यशीलेनं डोक्याला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधला होता, नीलाबाईनं दिलेला. एक तरणी बाई पुढं आली.

"बाई, राग नका मानू. एक विचारू?"

"विचार न."

"तो टोप कुठून आणला जी तुम्ही?"

सत्यशीलेनं चहाचा कप तोंडापासून खाली घेतला.

"आमी सगळ्या तेच बोलून राह्यलो होतो," ती बाई म्हणाली. "किती खरा वाटत होता. माह्या आजीचे केस अगदी असेच होते. ते सुटले आणि मले तीच दिसली. मले तं रडूच आलं." तिच्या मागच्या बाया माना हलवत होत्या. "परवाचा तो पडलेला मोबाईलवर पाह्यला होता आमी. म्हटलं, आता नवा आणलेला दिसते."

सत्यशीला उत्तर देणार होती. उत्तर सोपं होतं, डोक्यावरचं फडकं सोडलं की झालं. पण तिच्याआधीच मागून मुखरूभाऊचा आवाज आला.

"मुंबईहून मागवला," तो म्हणाला. "खास. असा टोप कोण्याच कंपनीजवळ नाई."

बाया हं हं म्हणाल्या. मुखरूभाऊच्या कानाला फोन होताच. तो तसाच पुढं बोलत गाडीकडे गेला, "हो, हो, तेच बाई येऊन राह्यली, पण टोप नवा हाये, पाहून घ्या तुम्ही." त्याची दाढी गुळगुळीत होती आणि तो सकाळपासून खुशीत होता.

सत्यशीला चहा पीत उभी राहिली. तिला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत त्याचा सुस्कारा झाला. हेच केस तिच्या डोक्यावर दिसले तेव्हा मंडप हसला होता. टोप म्हणून दिसले तेव्हा बायांना आपल्या आज्या आठवल्या. यात कोणाचं चुकलं, हे शोधत बसायचं तिचं वय राहिलं नव्हतं. ती बाई अजून समोर उभी होती.

"तुही आजी हाये का?"

"नाई जी. कधीचीच गेली."

"ती केसाले काय लावत होती?"

"काय माहीत. टोरीचा वास येत होता अंगाले."

"ओल्या केसाले लावत होती ती," सत्यशीला म्हणाली. "घरी कोणाचे असे असन तं ध्यानात ठेव. पयले पाणी."

त्या बाईला हे मध्येच काय, ते समजलं नाही, पण तिनं मान हलवली आणि रिकामा कप घेऊन गेली.

सत्यशीला गाडीजवळ आली. मुखरूभाऊ पेट्या मोजून घेत होता. जुना टोप त्यानं रंजीताच्या गंगावनाच्या पेटीत कोंबला होता, त्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं.

"भाऊ."

"बोला."

"त्या मुंबईच्या टोपाची देखभाल करा लागन."

मुखरूभाऊनं वर पाहिलं. मग तो पेट्यांकडे वळला.

"काय लागते?"

"जिथी उतरू तिथी दोन बादल्या गरम पाणी. आणि दुपारी उन्हात बसाले जागा. त्याच्यात मले कोणी उठवाचं नाई."

"रोज?"

"धुणं रोज नाई. पाणी रोज."

"आणखी?"

"आणखी काही नाई."

मुखरूभाऊनं मफलरला हात लावला, पण सोडला नाही. "सांगतो मंडळाले," तो म्हणाला. "कंपनीचा टोप हाये म्हणतो. देतीन ते."

ती मागच्या सीटवर खिडकीशी बसली आणि फडक्याची गाठ मानेवर घट्ट केली. रंजीता आधीच तोंड उघडं टाकून झोपली होती. गाडी सुरू झाली, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याला लागली, तशी लाल धूळ उडाली. सत्यशीलेनं डोळे मिटले. झोप येईल असं वाटत होतं. पुढच्या सीटवरून मुखरूभाऊ ड्रायव्हरवर खेकसला, "मागची काच लाव न बे. बाईच्या टोपाले धूळ लागून राह्यली."